आयुष्मान वय वंदना कार्ड: आप्पांच्या बाजूने साडेचार तारे, डॉक्टरांच्या बाजूने दोन

सत्तरीपुढच्यांना हॉस्पिटलात फुकट उपचार मिळवून देणारं हे सरकारी कार्ड चांगलं आहे, काढून घ्या. घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल आणि हे वाचून तुम्ही एवढंच केलंत तरी लिहिल्याचं चीज झालं. पेशंटच्या बाजूने मी पाचपैकी साडेचार तारे देते. दुसरी बाजू आपण काउंटरवर उभे राहीपर्यंत दिसत नाही. कार्ड घेऊन आलेल्या म्हाताऱ्या माणसाला जो डॉक्टर तपासतो, त्याच्या हातात काय पडतं आणि कधी पडतं, ही ती बाजू. तिला दोन तारे. तेसुद्धा ओढूनताणून.

एवढ्या ठामपणे बोलते त्याला कारण आहे. मी राहते ठाण्यात, चरईत, आणि नोकरीला ऐरोलीला. मेडिकल कोडिंग करते. अमेरिकेतला डॉक्टर पेशंट तपासून चार ओळी लिहितो, त्या वाचून आम्ही इथे बसून त्याला आकडे लावतो, आणि त्या आकड्यांवर त्याचं बिल तिथल्या सरकारी विम्याकडे, म्हणजे मेडिकेअरकडे जातं. पासष्टीच्या पुढच्यांचा विमा. सकाळी ठाणे-वाशी लोकलमध्ये चढायचं, दिघा गाव गेलं की दाराकडे सरकायचं, आणि दिवसभर ओहायोच्या कुठल्यातरी आजोबांच्या गुडघ्याला कोड लावायचे, असं माझं आयुष्य. म्हाताऱ्यांच्या डॉक्टरला सरकार पैसे कसे देतं, या एका विषयात माझी पोटापाण्यापुरती तयारी आहे.

आमचे आप्पा, म्हणजे माझे सासरे, ७६ वर्षांचे. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात लेथवर उभं आयुष्य गेलं. पेन्शन म्हणायला ईपीएस-९५ची, म्हणजे पीएफवाल्यांची, तिच्यात महिन्याचा दूध-पेपर सुटतो. सासूबाई ७१च्या, साखरवाल्या. खासगी मेडिक्लेम मध्येच सुटला, कारण सत्तरीनंतरचा हप्ता बघून आप्पांनी एजंटलाच विचारलं, "अहो, एवढ्यात मी मरतो तरी किती वेळा?"

२९ ऑक्टोबर २०२४ला पंतप्रधानांनी या कार्डाची योजना सुरू केली. सत्तरीच्या पुढचा कुणीही, उत्पन्नाची अट नाही, वर्षाला पाच लाखांपर्यंत दवाखान्यात भरती होऊन फुकट उपचार. मूळ आयुष्मान भारत योजना २०१८ची, ती गरिबांच्या यादीतल्या कुटुंबांना होती. आमच्यासारखी ना इकडची ना तिकडची घरं त्यात बसत नव्हती, ती आता बसली. एक बारकावा मात्र लक्षात ठेवा. हे पाच लाख माणशी नाहीत. घरात नवरा-बायको दोघं सत्तरीपुढचे असतील तर दोघांत मिळून पाच लाख. ज्यांचं कुटुंब आधीपासून जुन्या यादीत आहे, त्यांच्या घरच्या ज्येष्ठांना मात्र हे पाच लाख वरून वेगळे मिळतात.

कार्ड काढणं सोपं आहे. आयुष्मान अॅप, आधार, मोबाइलवर ओटीपी. वय आधारवरचंच धरतात, शाळेचा दाखला कुणी विचारत नाही. आप्पांच्या आधारला मोबाइल नंबर जोडलेला नव्हता, म्हणून अंगठा लावायला गेलो, तर ठसाच उमटेना. लोखंड हाताळून बोटं गुळगुळीत झालेली. शेवटी चेहरा दाखवून केवायसी झाली. केंद्रावरचा मुलगा म्हणाला, "आजोबा, जरा डोळे मिचकावा," आणि आप्पांनी त्याला खरोखर डोळा मारला. हा भाग पाचपैकी पाच.

कार्डाची खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. खोकला, ताप, मग धाप. एक्स-रेमध्ये न्यूमोनिया. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी चिठ्ठी देऊन सांगितलं, घरी ठेवू नका. ठाणे पश्चिमेतलं जे खासगी हॉस्पिटल जवळ पडतं तिथे आधी गेलो. दारावर योजनेचा हा एवढा मोठा फलक. काउंटरवर उत्तर मिळालं, "आमच्याकडे योजनेत हाडांचं होतं, मेडिसिनचं नाही." हे खोटं नसतं बरं का. हॉस्पिटल योजनेत येतं ते विभागवार येतं, पण फलकावर ते लिहीत नाहीत. रिक्षात धापा टाकणारं माणूस घेऊन आलेल्या घरच्यांना विभागवार हा शब्द तिथेच पहिल्यांदा ऐकायला मिळतो. अर्धा तारा मी इथे कापला.

दुसऱ्या हॉस्पिटलात घेतलं. तिथला आरोग्यमित्र, म्हणजे योजनेच्या काउंटरवरचा मदतनीस, पोरसवदा पण चलाख होता. कार्ड बघितलं, फोटो काढला, मंजुरीला टाकलं आणि म्हणाला, "ताई, तुम्ही वर जा, इथलं मी बघतो." बेड जनरल वॉर्डातला. जेवण मिळालं, औषधं आतूनच आली. एका रात्री एक इंजेक्शन बाहेरून आणा म्हणून चिठ्ठी हातात पडली. मी ती घेऊन खाली आरोग्यमित्राकडे गेले, पॅकेजमध्ये, म्हणजे सरकारने उपचाराला ठरवून दिलेल्या दरात, औषध धरलेलं असतं ना, एवढंच विचारलं, आणि इंजेक्शन आतून आलं. विचारायला लागलं हे बरं नाही, विचारल्यावर मिळालं हे बरं आहे. डिस्चार्जला बिल शून्य, आणि वर पुढच्या पंधरा दिवसांचं औषधपाणीही पॅकेजमध्येच. हे किती मोठं आहे ते अमेरिकेशी ताडून बघा. मेडिकेअरवाल्या आजोबांना २०२५मध्ये हॉस्पिटलात भरती झालं की आधी स्वतःचे १,६७६ डॉलर मोजावे लागत होते, आणि डॉक्टरच्या बिलातले २० टक्के वेगळे. आमचे आप्पा रिक्षाचं भाडं तेवढं देऊन घरी आले.

आता दुसरी बाजू.

वॉर्डात संध्याकाळी राउंडला येणारे डॉक्टर मला आवडले. आप्पांच्या पाठीला स्टेथो लावून खरंच ऐकायचे. एकदा लिफ्टपाशी गाठ पडली. मी काय काम करते ते कळल्यावर ते हसले. म्हणाले, "मग तुम्हाला सांगायला हरकत नाही. तुमच्या सासऱ्यांच्या बेडचे दिवसाला जे येतात ना, त्यात बेड, नर्स, जेवण, अँटिबायोटिक, रक्त तपासण्या आणि मी, सगळे आलो. माझा नंबर शेवटचा."

केंद्राच्या पॅकेज यादीत न्यूमोनियासारख्या, ऑपरेशन नसलेल्या आजाराला दिवसावर पैसे मिळतात. साध्या वॉर्डचा दर आधी १,८०० रुपये होता. २०२१च्या सुधारणेत तो १७ टक्के वाढून २,१०० झाला. त्याच सुधारणेत व्हेंटिलेटरशिवायच्या आयसीयूचा दर ३,६०० वरून ८,५००वर गेला, म्हणजे १३६ टक्के वाढ. व्हेंटिलेटरसह आयसीयूचा ४,५०० वरून ९,०००. कोविड नुकता पाहिलेला, आयसीयूचा खर्च सगळ्यांना कळलेला, त्यामुळे आयसीयूची वाढ मी समजू शकते. पण दोन आकडे शेजारी ठेवून बघा आणि सांगा, हॉस्पिटल चालवणाऱ्याला म्हातारा माणूस वॉर्डात असलेला परवडेल की आयसीयूत? मी कुणावर आळ घेत नाही. आप्पांना कुणी विनाकारण आयसीयूत नेलं नाही. पण दरपत्रक कुणीकडे झुकलंय ते ओळखायला डॉक्टर असावं लागत नाही.

पॅकेज म्हणजे खानावळीची थाळी. भाव एकच, खाणारा कितीही खावो. सुदृढ तरुणाला न्यूमोनिया झाला तर तो चार पोळ्यांत उठतो. ७६ वर्षांच्या माणसाला जुना दमा, वाढलेली साखर, मूत्रपिंड जरा कमजोर, त्यामुळे प्रत्येक औषधाचा डोस मोजून. त्याला त्याच आजारासाठी डॉक्टरचा दुप्पट वेळ लागतो आणि नर्सचा तिप्पट. भाव तोच. ही योजना खास सत्तरीपुढच्यांसाठी वाढवली, पण डॉक्टरला देण्याचा दर पेशंटचं वय आणि सोबतचे आजार बघत नाही, हीच माझी मुख्य तक्रार आहे.

मेडिकेअरने हॉस्पिटलांसाठी हा प्रश्न बऱ्यापैकी सोडवला आहे, १९८३पासून. आजारांचे गट पाडायचे आणि गटावर पैसे द्यायचे. न्यूमोनियाचेच तीन गट आम्ही रोज लावतो: १९३, १९४, १९५. सोबत एखादा गंभीर आजार असेल तर पहिला, मध्यम असेल तर दुसरा, नुसताच न्यूमोनिया असेल तर तिसरा, आणि तिघांचे पैसे वेगवेगळे. आपल्याकडेही २०२२मध्ये महाराष्ट्रासह काही राज्यांत अशा गटपद्धतीची चाचणी घेणार असं ही योजना चालवणाऱ्या राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाने जाहीर केलं होतं. ती पद्धत सत्तरीपुढच्यांपासून सुरू करायला हवी, कारण फरक तिथेच सगळ्यात जास्त पडतो.

डॉक्टरांच्या फीच्या बाबतीत मात्र अमेरिकेकडून शिकायचं ते काय करू नये हेच. १९९२पासून तिथे प्रत्येक कामाला गुण आहेत. डॉक्टरची मेहनत, दवाखान्याचा खर्च आणि त्याच्यावर होऊ शकणाऱ्या दाव्यांच्या विम्याचा खर्च, तिन्हींचे गुण, शहराप्रमाणे थोडे कमीजास्त केलेले. बेरजेला एका डॉलरच्या आकड्याने गुणायचं की फी तयार. झकास पद्धत. मग १९९७मध्ये त्यांनी एक सूत्र आणलं: देशाचं उत्पन्न वाढेल त्या मानाने डॉक्टरांवरचा खर्च वाढावा, जास्त झाला तर पुढच्या वर्षी सगळ्यांचीच फी कापायची. म्हणजे शेजारच्या गल्लीतल्या डॉक्टरने तपासण्या जास्त लिहिल्या तर शिक्षा मलाही. २००२मध्ये ४.८ टक्के कपात झाली आणि डॉक्टर खवळले. त्यानंतर दरवेळी कपातीची तारीख आली की त्यांची संसद ऐन वेळी कायदा करून ती पुढे ढकलायची. असं १७ वेळा झालं. ढकललेली कपात साचत साचत २१ टक्क्यांवर गेली, तेव्हा एप्रिल २०१५मध्ये दोन्ही पक्षांनी मिळून ते सूत्रच काढून टाकलं. तिथल्या खालच्या सभागृहात ३९२ विरुद्ध ३७ मतं पडली. इतकं एकमत तिकडे हल्ली कशावर होत असेल असं मला वाटत नाही.

पण नव्या कायद्यानेही फी महागाईला बांधली नाही. काही वर्षं अर्धा टक्का वाढ, मग २०२० ते २०२५ शून्य. तो डॉलरचा आकडा १९९२मध्ये ३१ होता, २०२५मध्ये ३२.३५. तेहतीस वर्षांत सव्वा डॉलर आणि थोडे सेंट! वाशीच्या मार्केटात कोथिंबिरीची जुडी याहून जास्त वेळा महागली आहे. २०२६ला तो ३३.४०च्या घरात आला, तोही एका वर्षापुरत्या अडीच टक्क्यांच्या टेकूवर.

म्हणून आपल्या पॅकेज दरांबद्दल माझं म्हणणं असं, की कुणाला तरी वाटलं की सुधारणा, ही पद्धत बंद करा. दर वर्षी महागाईबरोबर आपोआप हलू देत, थोडेच हलू देत, पण हलू देत. आणि क्लेम मंजूर झाला की पैसे वेळेवर द्या. नियमात राज्यातल्या हॉस्पिटलला पंधरा दिवस लिहिलेत. हरियाणात ऑगस्ट २०२५मध्ये खासगी हॉस्पिटलांनी थकबाकीपायी आयुष्मानचं काम थांबवलं होतं. पैसे अडकले की सगळ्यात आधी "मेडिसिनचा विभाग योजनेत नाही" हे वाक्य तयार होतं, आणि त्याचा अर्थ रिक्षात बसलेल्याला कळतो.

आता ज्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला घेतलं तो मुद्दा. आप्पा घरी आले. त्यानंतर त्यांची काळजी कोणी घेतली? आमच्या फॅमिली डॉक्टरांनी. चरईत जुन्या इमारतीत तळमजल्याला दवाखाना, बाहेर लाकडी बाक, आत कंपाउंडर म्हणून त्यांची बायको. डिस्चार्जचा कागद त्यांनी ओळ न् ओळ वाचला. हॉस्पिटलने दिलेली एक गोळी आणि आप्पांची जुनी रक्तदाबाची गोळी एकाच जातीची निघाली. दोन्ही चालू राहिल्या असत्या तर आप्पा बाथरूममध्ये चक्कर येऊन पडले असते. त्यांनी एक बंद केली. पंप ओढायचा कसा ते आप्पांना परत परत करून दाखवलं, कारण आप्पा इतकी वर्षं औषध फुफ्फुसात न घेता जिभेवर घेत होते. न्यूमोनियाची लस कधी घ्यायची ते लिहून दिलं. मग त्यांनी जी मागितली ती फी मी दिली, खिशातून. या सगळ्या कामाचे त्यांना सरकारी विम्यातून किती मिळाले? काही नाही. वय वंदना कार्ड ओपीडीत, म्हणजे भरती न होता नुसतं तपासून घ्यायला, चालत नाही. माणूस आडवा झाला तर पाच लाख, आडवा होऊ नये म्हणून झटणाऱ्याला शून्य.

मेडिकेअरवर मी कितीही चिडले तरी ही एक गोष्ट त्यांच्याकडून उचलण्यासारखी आहे. २०१३पासून त्यांच्याकडे ९९४९५ नावाचा कोड आहे. पेशंट हॉस्पिटलमधून घरी आला की दोन कामकाजाच्या दिवसांत त्याला फोन करायचा, चौदा दिवसांत तपासायचं, सगळ्या औषधांची यादी जुळवून बघायची. एवढं केलं की डॉक्टरला वेगळे पैसे. पेशंट जास्त नाजूक असेल तर सात दिवसांत बघायचं, ९९४९६, आणि पैसे अजून जास्त. २०१५पासून ९९४९० आहे, जुनाट आजारांच्या माणसांची महिनाभर फोनवर, कागदावर जी निगा राखावी लागते तिच्यासाठी. आमच्या डॉक्टरांनी आप्पांसाठी केलं ते शब्दशः ९९४९६ होतं. मी सवयीने मनातल्या मनात कोड लावलाही. पाठवायचा कुठे, एवढाच प्रश्न होता.

आपल्या सरकारला हे परकं आहे असंही नाही. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या आणि निवृत्तांच्या सीजीएचएसमध्ये ओपीडी आहेच. एप्रिल २०२३मध्ये तिथली ओपीडी सल्ल्याची फी १५० वरून ३५० केली. म्हणजे म्हाताऱ्याला बसून तपासण्याचे डॉक्टरला पैसे द्यायचे असतात, किती द्यायचे असतात, हे सरकारला माहीत आहे. फक्त तो म्हातारा केंद्र सरकारच्या टेबलामागून निवृत्त झालेला हवा, लेथमागून नाही. आप्पांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "असू दे गं, डॉक्टर आपला माणूस आहे." डॉक्टर आपला माणूस आहे हे खरंच. पण त्यांच्या मुलाने वडिलांचा दवाखाना न चालवता कार्डिऑलॉजी धरली आहे, आणि का धरली ते वरच्या दरपत्रकात लिहिलेलं आहे.

मोठं काही मागत नाही. डिस्चार्जनंतर एकदा, नोंदणी असलेल्या जवळच्या डॉक्टरकडे, औषधांची यादी जुळवण्यासह, पाचशे रुपये त्या डॉक्टरच्या खात्यात थेट. पॅकेजमधून कापून नाही, वेगळे. खोटे क्लेम येतील, येतातच, आमच्या धंद्यात तर ते पकडणारी वेगळी टीम असते. ओटीपी पेशंटच्या फोनवर पाठवा, बरंचसं आटोक्यात राहील. आप्पांसारखा एक माणूस पुन्हा भरती होता होता वाचला तर वॉर्डच्या एका दिवसात असे चार डॉक्टर निघतात.

कार्ड काढायला जाणाऱ्यांसाठी थोडं. आधारला चालू मोबाइल नंबर आधी जोडून घ्या, ठसे उमटत नसतील तर चेहऱ्याने केवायसी होते हे स्वतःहून सांगा. घरी सीजीएचएस किंवा माजी सैनिकांची ईसीएचएस असेल तर ते किंवा हे, एकच निवडावं लागतं. खासगी मेडिक्लेम किंवा कामगारांचा ईएसआय विमा असेल तर दोन्ही ठेवता येतात. कार्डाबरोबर रेशनकार्डही फाइलमध्ये ठेवा, कारण आपल्याकडे राज्य सरकारची महात्मा फुले आरोग्य योजनाही त्याच काउंटरवरून चालते आणि आरोग्यमित्र दोन्ही तपासून बघतो. हॉस्पिटलात न्यायच्या आधी १४५५५ या योजनेच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि हॉस्पिटल योजनेत आहे का एवढं विचारून थांबू नका. तुमच्या आजाराचा विभाग तिथे योजनेत आहे का, ते विचारा.